बाबांचे मत आणि साखऱ्याची राख

साखऱ्याहून परत आल्यापासून जो तो विचारतो, तिथे पाहण्यासारखे काय आहे? खरे सांगायचे तर दोनच गोष्टी होत्या. गावात शिरताना उजव्या हाताला घडीव दगडांचा एक ढीग, आणि खालच्या आळीत दर पावसाळ्यात ढासळणारी एक विहीर. एवढ्यासाठी मी पुण्याहून निजामाच्या हद्दीत जाऊन आले. आता ढीग बराच कमी झाला आहे, आणि त्यातला एक दगड मी हलवला आहे. म्हणूनच हे लिहीत आहे.

जायचे होते खरे बाबांना. साखरा त्यांचे गाव. शिक्षणासाठी लहानपणी आधी हिंगोलीला आणि मग पुण्याला आले ते इथलेच झाले. पण जेवताना भाकरी मोडली की साखऱ्याची गोष्ट निघते. त्यातली निम्मी गोष्ट गावच्या वेशीची असते. ती वेस काही वर्षांपूर्वी अतिवृष्टीत पडली. तिच्याच दगडांचा तो ढीग. या वर्षी गावाने ठरवले की या दगडांचे काय ते एकदा ठरवून टाकू. वेस पुन्हा उभी करायची, की त्याच दगडांनी खालच्या आळीतली विहीर आतून बांधून काढायची? दोन्हींना पुरतील एवढे दगड नव्हते. गावाचा कौल घ्यायचे ठरले, आणि तसा निरोप बाबांना आला.

बाबा वेशीचे. कौलाला जाण्याची त्यांनी इतकी घाई केली की माळ्यावरची ट्रंक काढताना शिडीवरून पडले आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला.

"जाऊ द्या हो," आई म्हणाली. "तुम्ही इथे राहता. त्यांचे दगड त्यांना लखलाभ."

"मी गाव सोडले म्हणून गावाने मला सोडले असे होते का?" बाबा म्हणाले. मागे आमच्या प्रांतात निवडणूक झाली तेव्हा ते इस्त्रीचा कोट घालून मत देऊन आले होते आणि घरी येऊन पाव तासात विसरले होते. साखऱ्याच्या कौलाने मात्र त्यांची झोप उडवली होती.

मामांना कापसाच्या कामासाठी हिंगोलीला जायचेच होते. बाबांनी मामांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्याच्या घरी जेवताना मीठसुद्धा मागत नाही. मला गावापुढे उभे करायचे म्हणजे बाबांची अगदीच अडचण झाली असली पाहिजे.

"वेशीला," स्टेशनवर येता न आलेल्या बाबांनी दारातूनच सांगितले. "विसरू नकोस."

"बरं," मी म्हणाले. आमच्या घरी माझे 'बरं' शपथेसारखे धरतात. मी फार कमी वेळा म्हणते म्हणून.

हिंगोली

पूर्णेला गाडी बदलून हिंगोलीला पोचलो. वाटेत हद्दीवरच्या जकातीच्या शिपायाने माझी ट्रंक उघडून त्यातला पितळी स्टोव्ह बाहेर काढला आणि फलाटावरच्या सगळ्यांना दाखवला. हा स्टोव्ह मी मोठ्या हुशारीने घेतला होता. गावात चूल पेटवता येणार नाही हे मला माहीत होते, आणि कुणाकडे जेवायला मागायचे नाही हेही मी ठरवले होते.

हिंगोलीचा बाजार मला आवडला. मराठीतून सुरू झालेला सौदा उर्दूत शिरतो आणि भांडण लागले की परत मराठीत येतो. मामा जिनिंगच्या मालकाकडे उतरले. मला साखऱ्याला न्यायला उस्मानचाचा बैलगाडी घेऊन आले होते. ते बाबांचे बालपणीचे सोबती, साखऱ्याचेच. पांढरी दाढी, डोक्याला जुना फेटा, आणि बैलांशी बोलताना माणसांशी बोलण्यापेक्षा जास्त अदब.

सेनगावच्या वाटेने दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी होती. मध्येच हरभऱ्याचे घाटे सोलून खायला थांबलो. मी खाली मान घालून खात होते. चाचा मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते.

"माधव कसा आहे? लंगडून राहिला म्हणे."

"पाय मोडला आहे."

"लहानपणी बी वेशीवरून उडी मारून मोडला होता. तवाचाच असंल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "बाई, मी बी वेशीचाच आहे. काहून सांगू? आधी बैलं वेशीपाशी आपोआप हळू व्हायची. गाव आलं हे त्यास्नी कळायचं. आता ही दोघं सरळ चालत राहतात. एकदा झोप लागली मला, तं सीधं पुढच्या गावात नेऊन सोडलं. बैलाला बी ठाव लागतो ना?"

मला हसू आले. बाबांचे मत बरोबर नेत आहोत याचे समाधानही वाटले.

"मग विहीर कुणाला हवी आहे?" मी विचारले. दिवसभरात मी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"अर्ध्या गावाला. सगळ्यात जास्त तुमच्या शेजारच्या सरूला. तिच्या नामदेवचं लगन अडून बसलंय. औंढ्याची पोरगी पाहिली, पसंत पडली, समदं बराबर झालं. अन् मुलीचा बाप म्हणला, आधी तुमच्या आळीत विहीर बांधा, मग माझी लेक मागा. माझी लेक ओढ्यातून पाणी वाहायला न्हाई देणार." चाचांनी बैलाच्या शेपटीला हात लावला. "ही तिसरी सोयरीक मोडायची बारी आहे. पाण्याच्या पायी साखऱ्याला कोनी पोरगी द्यायला तयार न्हाई."

साखरा

आमच्या घराची किल्ली सरूकाकूंकडे होती. घर दोन खोल्यांचे, मातीच्या धाब्याचे, आणि बाहेरची खोली कडब्याने छतापर्यंत भरलेली.

"रिकामं घर रडतं, माय," काकू म्हणाल्या. "म्हनून कडबा ठेवला. राग न्हाई ना आला?"

सरूकाकू पन्नाशीच्या, उंच, ताठ. भुवया उंचावल्या की कपाळावरचे मोठे कुंकूही वर चढे. त्यांनी मला ओट्यावर बसवून आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. मी स्टोव्ह आणल्याचे सांगितले तेव्हा भुवया पहिल्यांदा वर गेल्या.

संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला. त्याचा आवाज ऐकून सगळी आळी दारात जमली. कुणाला वाटले चक्की आली. पिठले मी बरे करते, पण इतक्या माणसांसमोर त्यात गुठळ्या झाल्या. गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पुढे आले. हे किसनआबा. कौल तेच घेणार होते. त्यांनी स्टोव्हभोवती एक फेरी मारली, वाकून खालून पाहिले, आणि विचारले:

"हिची राख कुठं पडते?"

"याला राख नसते," मी म्हणाले.

"मंग तुमाला कौल कसा देता येईन?"

सगळे हसायला लागले. मला काहीच कळले नाही. मग आबांनी ओट्यावर बसून समजावले. साखऱ्यात कौल हात वर करून किंवा कागदावर घेत नाहीत. प्रत्येक घरातून एकाने आपल्या चुलीतली मूठभर राख खापरावर आणायची आणि ज्या बाजूला कौल असेल तिथे टाकायची. राख ऊन हवी. आबा स्वतः बोट लावून पाहतात. राख ऊन असेल तर त्या घरात आज चूल पेटली. ज्याची चूल गावात पेटते तो गावाचा.

"आणि जे बाहेरगावी गेले त्यांचे काय?" मी विचारले.

"त्यायची चूल तिकडं पेटते. त्यायनी तिकडं राख टाकावी." आबांच्या डोळ्यांत हसू आले. "मागं देवळाच्या कळसाचा कौल होता, तवा मुंबईला गिरणीत असलेल्या आमच्या दगडूनं राख डब्यात घालून टपालानं पाठवली. सेनगावचा टपालवाला अस्थी समजून आंघोळ करून आला! डबा उघडून मी बोट लावलं. थंडगार. म्हनलं, थंड राख तं मसणात बी असते, ती कौल देते काय?"

आमच्या पुण्यात मत द्यायला घर, कर, शिक्षण, काय काय लागते. इथे एक पेटती चूल पुरे. हे सोपे आहे असे मला वाटले, ते रात्रीपुरतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीसमोर बसले. तुराट्या होत्या, पऱ्हाट्या होत्या, गोवऱ्या होत्या, काड्यापेटी भरलेली होती. धूर झाला. पुष्कळ झाला. कडब्याच्या खोलीतून मांजर शिंकत बाहेर पडले. जाळ मात्र झाला नाही. शेवटी सरूकाकू खापरावर निखारे घेऊन आल्या, त्यावर गोवरीचा तुकडा ठेवला, फुंकणीने दोन फुंकरा मारल्या आणि चूल अशी पेटली जशी काही माझ्याशीच तिचे वाकडे होते.

"तुमच्या बाबाला वेस पायजे म्हनं," काकू जाळाकडे पाहत म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

एवढेच बोलणे झाले. त्यांनी आणखी काही विचारले नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला सवय नाही.

चूल पेटली तसे पाणी लागले. म्हणून काकूंबरोबर मी ओढ्यावर गेले. ओढा कोरडा होता. त्याच्या वाळूत खड्डा खणून झिरा केलेला असतो. त्यात पाणी बोटभर जमते. करवंटीने ते काढून घागरीत ओतायचे, मग पुन्हा जमेपर्यंत वाट पाहायची. एकीची घागर भरली की दुसरी पुढे सरकते. बाकीच्या वाळूत बसून असतात.

"पुन्यात पाणी नळानं येतंय म्हनं?" एकीने विचारले.

"हो."

"मंग कोन भरतं?"

"नळच भरतो."

"आन् त्या वक्ताला बाया काय करतात?"

आम्ही काय करतो खरेच? दुसरी म्हणाली, "वाचत असतील. पाहा ना कशी नाजूक आहे, करवंटी धरली तं पेनावानी." बायका हसल्या आणि मीही हसले. झिऱ्याला पाणी यायची वाट पाहताना हसण्याखेरीज दुसरे काम नसते.

वर चढून येताना माझी लहानशी कळशी डोक्यावरून दोनदा घसरली आणि निम्मे पाणी पाठीवर सांडले. सरूकाकूंच्या डोक्यावर दोन घागरी, कडेवर तिसरी.

"मान कटकट वाजते आता," त्या न थांबता म्हणाल्या. "सून आली असती तं तिची मान नवी असती. पन तिचा बाप बी शहाणाच. माझी लेक असती तं मी बी दिली नसती."

खालच्या आळीतून जाताना त्यांनी विहीर दाखवली. निम्मी बुजली होती, तरी तळाच्या गाळात पाणी चमकत होते. पण काळी माती पावसात सुटते आणि कडा आत कोसळतात. दर उन्हाळ्यात गाव ती उपसते, दर पावसाळ्यात ती बुजते. आतून दगडाचा थर मिळाला की टिकली. दगड वेशीपाशी पडलेले होते, हाकेच्या अंतरावर.

मी घरी येऊन ओला पदर वाळत घातला आणि माझ्या लक्षात आले की माझे मत बदलले आहे. हे मी कुणालाच सांगितले नाही. एक तर स्टेशनवर जायला निघण्यापूर्वी दिलेले 'बरं' होते. दुसरे म्हणजे, मला मत असावे की नाही याचीच खात्री नव्हती. एक दिवस चूल पेटवून मी या गावची झाले का? विहीर बांधली तरी त्यातले पाणी मी पिणार नव्हते, आणि वेस बांधली तरी तिच्यातून मी रोज जाणार नव्हते.

संध्याकाळी किसनआबा ओट्यासमोरून जात होते. धीर करून त्यांना विचारले, "आबा, राख मी वडिलांच्या वतीने टाकायची की माझी म्हणून?"

ते थांबले. "चूल कोन पेटवली?"

"निखारे सरूकाकूंनी दिले."

"निखारे सारेच एकमेकाकडून आणतात. तसं पाहिलं तं साऱ्या गावाची चूल एकच. राखली कोनी?"

"मी."

"मंग राख राखणाराची," असे म्हणून ते काठी टेकत गेले. त्या उत्तराचा मला उपयोग झाला की नाही हे मला झोप येईपर्यंत ठरवता आले नाही.

कौल

कौलाच्या सकाळी मी चहा केला, भाकरी थापली. ती भारताच्या नकाशासारखी झाली, पण भाजली गेली. चुलीत छान पांढरी राख साठली होती. तेवढ्यात सरूकाकू टोपले घेऊन आल्या.

"माय, भांडी घासायला राख दे जरा."

भिडस्त माणसाचे हेच होते. मी चूल कोरून सगळी राख त्यांच्या टोपल्यात घातली. त्या गेल्यावर आठवले की आज राख मलाच लागणार आहे. थोडी परत मागावी म्हणून भिंतीवरून डोकावले. काकूंच्या अंगणात भांडी पालथी घातलेली होती. स्वच्छ, चकचकीत, केव्हाच घासून वाळलेली. आणि त्यांच्या स्वतःच्या चुलीतून धूर निघत होता. ज्या गावात घरोघर राख आहे तिथे राख मागायला कोण कुणाकडे जाईल?

मी भिंतीवरून डोके खाली घेतले आणि मला हसू आवरेना. बिचाऱ्या काकूंनी नामदेवच्या लग्नासाठी वेशीची एक मूठ कमी केली होती, आणि ती मूठ विहिरीची होती! मी एकदा तोंड उघडले असते तर त्यांना हा उद्योग करावा लागला नसता.

मग पुन्हा बसले. तुराट्या आधी, मोकळ्या ठेवून, हवा खेळेल अशा. वर गोवरीचा चुरा. एकच काडी. चूल पेटली. या वेळी बघायला कुणीच नव्हते. तुराट्या जळून राख होईपर्यंत बाहेर हलगी वाजायला लागली होती. खापरावर राख घेऊन धावत निघाले तर एक ठिणगी पदरावर पडून लहानसे भोक पडले.

वेशीच्या दगडांजवळ लिंबाखाली सगळे गाव जमले होते. एका बाजूला जमिनीवर एक घडीव दगड ठेवला होता, दुसऱ्या बाजूला पालथी घागर. वेशीची राख दगडापाशी, विहिरीची घागरीपाशी. एकेक जण येई, आबा राखेला बोट लावत, मान हलवत, आणि राख पडे. उस्मानचाचांनी राख दगडापाशी टाकली आणि माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. सरूकाकूंनी घागरीपाशी टाकली. मग मी खापर घेऊन पुढे झाले आणि काकूंचे कुंकू वर गेले.

"आबा, थांबा," नामदेव मध्ये आला. चांगला धिप्पाड, पण बोलताना कान लाल होणारा मुलगा. "ह्यायची राख काहून घ्यायची? ह्या पाहुण्या. परवा पुन्याला जातील. तिथं मैत्रिणीला सांगतील, आमच्या गावाला वेस आहे. अन् आमी इथं पाणी वाहू. जो राहत न्हाई त्यानं राहनाराचं काहून ठरवायचं?"

मला त्याचे म्हणणे पटले. पटले असे सांगावे असेही वाटले, पण मी खापरच घट्ट धरून राहिले.

माझ्या मदतीला पाटील उठले. गावातले वेशीचे सगळ्यात मोठे कैवारी तेच.

"काहून म्हंजे? माधवाची लेक आहे. चूल पेटवली आहे. राख ऊन आहे का न्हाई ते पाहा, बास."

"बाईमाणसाची..." मागून कोणी तरी म्हणाले.

"चुलीला मिशा असतात व्हय रे?" पाटील गरजले. स्त्रियांच्या हक्कांबद्दल पुण्यात मी बरीच भाषणे ऐकली आहेत, पण इतके जोरदार एकही नव्हते. त्यांना वाटत होते राख दगडापाशी पडणार आहे.

आबांनी माझ्या राखेला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. "पोळलं! ऊन तं आहे." मग माझ्याकडे वळले. "पण पोरी, नेम दोन आहेत. दुसरा कोनी सांगितला का? जो राख टाकतो त्यानं ठरलेल्या कामाचा दगड उचलायचा. जिकडं राख टाकली तिकडचा न्हाई, जे ठरंल तिकडचा. म्हनून बाहेरच्याची राख आमी घेत न्हाई. त्यायचा राग न्हाई आमाला. ते बोलतात मोप, पण दगड कोन उचलायचा? तू उचलशील?"

"बरं," मी म्हणाले. माझे हे दुसरे 'बरं'. पहिले अजून फिटायचे होते. ते तसेच ठेवून पुढे जाता येईना. एवढ्या माणसांत माझा आवाज मलाच परका वाटला.

"बाबांना वेस हवी आहे. ते त्यांनी मला सांगायला सांगितले होते, म्हणून सगळ्यांना सांगते. त्यांना ती अजून दिसते." मी खापर दुसऱ्या हातात घेतले. "पण त्यांची चूल पुण्यात आहे. ही राख मी केली आहे."

आणि मी राख घागरीपाशी टाकली.

"पोरी, चुकली तू," पाटील घाईने म्हणाले. "वेस इकडं. हा दगड."

"नाही. चुकले नाही."

आधी बायकांतून हसू फुटले, मग सगळीकडून. उस्मानचाचा कपाळावर हात मारून हसत होते. नामदेवचे कान इतके लाल झाले की मला दया आली. सरूकाकूंनी पदर तोंडाशी धरला होता. त्या हसत नव्हत्या.

घागरीपाशीचा ढीग मोठा झाला. माझ्या मुठीशिवायही झाला असता.

दगड

दुसऱ्या दिवशी सगळे गाव दगडांशी झोंबत होते, पाटीलसुद्धा. कालचा राग त्यांनी फेट्याबरोबर लिंबावर टांगून ठेवला होता. चाचांची गाडी मोठे दगड नेत होती. "बैलं आता विहिरीपाशी थांबायला शिकतील," ते म्हणाले. "शिकतील काय? माझ्याहून हुशार आहेत."

माझ्या वाट्याला एक चपटा दगड आला. एका बाजूला कमळाची अर्धी पाकळी कोरलेली, वरचा भाग गुळगुळीत, मध्ये जरासा खोल. मी दोन्ही हात लावले. दगडाने दखलही घेतली नाही. तेवढ्यात पलीकडून दुसरे दोन हात आले. सरूकाकू.

कालपासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आम्ही दगड उचलला आणि खेकड्यासारख्या आडव्या चालू लागलो. अर्ध्या वाटेत दम खायला टेकवला तेव्हा त्यांनी दगडाकडेच पाहत विचारले:

"पुन्यात भांडी कशानं घासता, माय?"

"राखेनेच."

"चूल तं न्हाई तुमच्याकडं. राख कुठून आणता?"

"शेजारून मागून आणतो," मी म्हणाले.

त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिले. कुंकू कपाळाच्या टोकापर्यंत चढले. मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की दगड माझ्या पायावर पडता पडता राहिला. त्या दिवशीच्या जेवणात त्यांनी मला उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ठेचा, कढी आणि तिळाची चटणी वाढली, आणि दुसरी भाकरी न विचारता पानात टाकली. मी मीठ मागितले.

औंढा

परतताना मामांनी औंढ्याला नागनाथाचे दर्शन घ्यायचे काढले. देवळाच्या दगडी भिंतीवरची शिल्पे पाहताना मला वेशीची पाकळी आठवत राहिली. बाहेर कुंकवाच्या दुकानात एक मुलगी बसली होती. मामांनी बोलता बोलता आम्ही साखऱ्याहून आल्याचे सांगितले. ती कुंकू तोलत होती, तो तराजू हवेतच राहिला.

"कौल झाला व्हय तिथं?"

"झाला," मी म्हणाले. "विहीर बांधून निघते आहे."

तिने दुकानाच्या आत, वडिलांकडे एकदा पाहिले. मग अगदी हळू आवाजात, "दगड... समदेच उचलून राहिलेत काय?"

"सगळेच. सरूकाकूंचा मुलगा दिवसभर उचलतो आहे. जेवायलाही बसत नाही."

तिने पुडी बांधून मला दिली. ती मी मागितली होती त्याहून चांगली दुप्पट जड होती.

पुणे

बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर. मी चप्पल काढायच्या आत विचारले, "काय झाले?"

सगळे सांगितले. राख, घागर, माझे 'चुकले नाही'. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

"माझे सांगितलेस का तरी?"

"सांगितले. सगळ्यांसमोर."

"तू? सगळ्यांसमोर?"

"हो."

मग मी दुसरा नेमही सांगितला, दगड उचलण्याचा. तो त्यांना माहीत होता. इतक्या वर्षांत विसरले होते, किंवा सांगायचे राहिले होते. तुझ्या वाट्याला कोणता आला, असे त्यांनी विचारले. मी पाकळी सांगितली, गुळगुळीत वरची बाजू सांगितली, मधला खोलगट भाग हाताने दाखवला.

"तो वेशीच्या डावीकडचा," बाबा म्हणाले. "आम्ही शाळा सुटल्यावर त्याच्यावर बसायचो. उस्मान, मी, सगळे. खोल आमच्यामुळेच झाला." मग म्हणाले, "जड आहे तो."

"हो."

"एकटीने उचललास?"

"नाही. सरूकाकू होत्या."

त्यांनी मान हलवली. मी चहा ठेवायला उठले. मागून त्यांनी प्लॅस्टरवर बोटांनी ठोकल्याचा आवाज आला.

"हे केव्हा काढणार, विचारलेस का डॉक्टरांना?" ते आईला म्हणत होते. "आणि नीट चौकशी कर, वजन उचलायला केव्हा चालेल. सगळे दगड अजून नेले नसतील त्यांनी."